उसनी बोटं

मशीनवर अंगठा टेकवला, हिरवा दिवा लागला, आणि रेशन दुकानदार गजेंद्र तांदूळ मोजायचं सोडून स्क्रीनकडे बघत राहिला.

“काकू, हे तं रुख्माकाकूचं नाव दाखवून राहिलं.”

चंद्रकांतानं अंगठा पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा हिरवा दिवा, पुन्हा रुख्मा. मागं रांगेत सात-आठ बाया होत्या. एरवी कोणाची पिशवी फाटकी आहे इथपासून बोलणाऱ्या त्या बाया एक पाऊल मागं सरकल्या. गजेंद्रनं मान खाजवली. “सिस्टममदी कुछ गडबड हाये. तुमी तांदूळ घेऊन जा, नावाचं मंग पाहू.”

रुख्मा ही चंद्रकांताची सख्खी धाकटी बहीण, आणि जाऊसुद्धा. दोघी बहिणी एकाच मांडवात दोघा भावांना दिलेल्या. थोरली केवळरामला, धाकटी यादोरावला. आपल्याकडे असं करतात त्यात सोय असते. मांडव एक, पंगत एक, आणि जावाजावांच्या भांडणाचं भय नाही, कारण ती भांडणं माहेरीच संपलेली असतात. दोन वर्षांपूर्वी पोळा झाल्यावर चार दिवसांनी रुख्मा सकाळी नवेगाव बांधच्या तलावावर कपडे धुवायला गेली. धुतलेले, पिळलेले कपडे दगडावर नीट रचून ठेवलेले सापडले. चप्पल सापडली. रुख्मा सापडली नाही. ढिवरांनी चार दिवस जाळी टाकली, डोंगे फिरवले, आणि पाचव्या दिवशी हात जोडले. पोलिसांनी बेपत्ता लिहून घेतलं आणि मृत्यूचा दाखला हवा असेल तर सात वर्षांनी या म्हणाले.

पिठाचा पुतळा करून जाळू, निदान दहावं तरी करू, असं घरातल्या मोठ्यांनी सांगून पाहिलं. यादोराव ऐकेना. “पुतळा जाळीन, अन् ते दारात येऊन उभी राहीन. मंग कोनतं तोंड दाखवू तिले?” तेव्हापासून तो रोज सकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचा आणि उन्ह चढलं की परत यायचा. त्याला कोणी काही म्हणत नसे. केवळराम एकटा दोघांची शेती बघायचा.

आता ही बोटांची भानगड काय, ते सांगायला हवं. सहा-सात वर्षांपूर्वी गावच्या शाळेत नोंदणीचं शिबिर भरलं होतं. रुख्मा लग्नाआधीपासून विड्या वळायची. तेंदूची पानं आणि कातरीनं तिच्या बोटांची टोकं इतकी झिजली होती की मशीन ती घेईचना. लिंबू चोळलं, ओल्या फडक्यानं पुसलं, फुंकर मारली. शिबिरातला माणूस वैतागला होता आणि त्याचा डबा उघडायचा राहिला होता. तो म्हणाला, “घरच्या कोणाची तरी बोटं लावा हो. फोटो तेवढा यांचा येऊ द्या.” चंद्रकांता मागंच उभी होती. तिनं बहिणीच्या काखेखालून हात पुढं घातले आणि दहाही बोटं काचेवर ठेवून दिली. समोर रुख्माचा चेहरा, काचेवर चंद्रकांताची बोटं. दोघी हसून हसून लाल झाल्या. मग चंद्रकांताची पाळी आली आणि तीच बोटं दुसऱ्यांदा दिली. लुगडी, बांगड्या, कानातले, सगळं दोघींनी एकमेकींचं वापरलेलं. बोटं उसनी दिली तर ती काय झिजणार होती थोडीच. त्या दिवशी नेट नव्हतं, नोंदी मागाहून वर गेल्या, आणि ही चूक कुठल्याशा कोपऱ्यात सहा वर्षं सुखानं झोपून राहिली.

दुसऱ्या दिवशी चंद्रकांता बस स्टँडजवळच्या सेवा केंद्रात गेली. केंद्र चालवणारी पुष्पांजली हुशार मुलगी, कपाळावर आठी न घालता दहा वेळा सांगणारी. तिनं घराचा नंबर टाकला आणि स्क्रीन चंद्रकांताकडे वळवली.

“पहिले सगळ्या याद्या अलग अलग होत्या काकू. रेशनची अलग, शाळेची अलग, दवाखान्याची अलग. आता नवी कुटुंब नोंद आली. सगळ्यांची गाठ मारून घराचं एकच झाड केलं. हा एक एक गोल म्हंजे एक एक मानूस. गोलापासून गोलापर्यंत रेघ, अन् रेघेवर नातं.”

चंद्रकांतानं गोल मोजले. सासू-सासरे करड्या रंगात, कारण ते वारलेले. केवळराम, यादोराव, रुख्मा आणि चंद्रकांताचा मुलगा शुभम हिरवे. पाचवा हिरवा गोल नव्हता.

“मी कुठं हावो?”

पुष्पांजलीनं रुख्माच्या गोलावर बोट ठेवलं. तो गोल उघडला आणि आत बारीक अक्षरात चंद्रकांताचं नाव निघालं. “एक बोट, एक मानूस, असा नियम हाये. दोन नोंदीत सारखीच बोटं दिसली की सिस्टम त्याले एकच बाई समजते. जुनी नोंद ठेवते, नवी तिच्या पोटात टाकते.”

“अन् जुनी कोनती?”

“रुख्माकाकूची. त्यायची बोटं पहिले लागली होती.”

“तिची नाही वो बाई, माझी बोटं!”

“मशीनले बोट माहीत हाये काकू. कोनाचं ते नाही माहीत.”

आणि भानगड इथं थांबली असती तरी चाललं असतं. पण एका बाईला एकच नवरा, हाही नियम होता. तेव्हा झाडानं आपल्या बुद्धीनं केवळरामची रेघ तोडून टाकली होती. त्याच्या गोलाखाली ‘अविवाहित’ असं आलं होतं. आणि शुभमच्या गोलापासून दोन रेघा निघत होत्या, एक आईची, एक वडिलांची. आईची रुख्माकडे गेली होती आणि वडिलांची यादोरावकडे. झाड दिसायला फार नीटस होतं. परक्या माणसानं पाहिलं असतं तर त्याला त्यात काहीच खोट दिसली नसती.

“साठीले आलो अन् कुवारा झालो,” केवळराम जेवताना म्हणाला. “आता पोरगी पाहा माह्यासाठी.” चंद्रकांताला हसू आलं. यादोराव हसला नाही. तो ताटाशेजारी मोबाइल ठेवून त्याकडे बघत होता.

तीन दिवसांनी त्यानं तो मोबाइल वहिनीपुढं धरला. ‘रुख्मा यादोराव यांची ओळख पडताळणी यशस्वी. ठिकाण: नवेगाव बांध.’ खाली रेशन दुकानातल्या दिवसाची तारीख आणि वेळ. रुख्माच्या नावापुढं नवऱ्याचा नंबर होता, म्हणून निरोप त्याच्याकडे आला होता.

“वयनी, तिनं अंगठा लावला. इथंच, गावात.”

“भाऊजी, तो माझा अंगठा होता.”

“तुमचा राहिला असता तं तुमचं नाव आलं असतं,” यादोराव शांतपणे म्हणाला. त्या दिवसापासून त्यानं पाळीवर जाणं सोडलं. दाढी केली, अंगण झाडलं, रुख्माचं ताट घासून चुलीजवळ पालथं घालून ठेवलं. भावाबरोबर शेतावर जाऊ लागला. केवळरामला त्यातच समाधान. पण चंद्रकांता चुलीजवळ जाताना त्या ताटाला वळसा घालायची. तिला त्या ताटाची भीती वाटायला लागली होती, आणि बहिणीच्या ताटाची भीती वाटते याची लाजही वाटत होती.

त्यात शुभमचा नागपूरहून फोन आला. त्याची नोकरीसाठी निवड झाली होती, कागद तपासायचे होते अठ्ठावीस तारखेला. शाळेच्या दाखल्यावर आई चंद्रकांता, कुटुंब नोंदीत आई रुख्मा. “नाव जुळलं नाही तर बाद करतात, आई. मी सगळीकडे मावशीचंच नाव टाकून देऊ का? शाळेचा दाखला बदलून मिळतो म्हणे. कागदावरच तर आहे.”

‘कागदावरच तर आहे’ हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की चंद्रकांताला कोणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. रुख्माला मूल नव्हतं. शुभमला दूध सोडून बाकी सगळं तिनंच दिलं. न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तापात उशाशी बसली. “हा मले दे वो बाई,” असं ती हसत म्हणायची आणि चंद्रकांताही हसत “घे” म्हणायची. आता कोणीतरी ते खरं धरलं होतं. चंद्रकांताला बहिणीचा राग आला. दोन वर्षं जिच्यासाठी डोळ्याला पदर लावला, तिचा इतका राग येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. “थांब,” ती पोराला म्हणाली. “अठ्ठावीसच्या आत मी करतो काही.”

पुष्पांजलीनं दोन वाटा सांगितल्या. एक, दोन्ही बायांना समोर उभं करायचं. ती अर्थातच बंद. दुसरी, या झाडात रुख्मा हयात नाही अशी खूण करायची. त्याला दाखला लागत नाही, घरच्या माणसाचा अंगठा पुरतो. केवळराम कागदावर तिचा कोणी जवळचा नव्हता, यादोराव मेला तरी अंगठा देणार नव्हता, आणि ज्या मावशीनं वाढवलं तिला मेली म्हण, असं शुभमला सांगवत नव्हतं. राहिली चंद्रकांता. तिनं मनातल्या मनात बहिणीची माफी मागितली आणि अंगठा ठेवला.

स्क्रीनवर अक्षरं आली: ‘रुख्मा यादोराव, स्वतःच्या मृत्यूची नोंद स्वतः करता येत नाही.’

पुष्पांजलीला हसू फुटलं आणि लगेच विरलं. “एक होऊ शकते काकू. रुख्माकाकू म्हनून तुमी चंद्रकांताचं नाव बंद करू शकता. मंग एकच नाव राहीन, सगळं जुळन.”

“म्हंजे मी मरू?”

“कागदावर.”

चंद्रकांता उठली आणि उन्हातून तरातरा घरी आली. आपण जिवंत आहोत हे कोणाला तरी ओरडून सांगावं असं तिला वाटत होतं. वाटेत भेटेल त्याच्याशी ती उगाच बोलली.

त्यानंतरच्या मंगळवारी धान कापणी चालली होती. चंद्रकांता सकाळपासून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, हातात विळा, चार बाया आजूबाजूला. दुपारी यादोराव शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून मोबाइल हलवू लागला. ‘रुख्मा यादोराव, पडताळणी यशस्वी. ठिकाण: नवेगाव बांध, तलावाची पाळ.’ वेळ अकरा वाजून पाच मिनिटं. अकराला चंद्रकांता कापलेल्या धानाचे कडपे टाकत होती. पाळीवर मशीन नाही, दुकान नाही, माणूससुद्धा क्वचित असतो. “टॉवर चुकीचा पकडते कधी कधी,” पुष्पांजली फोनवर म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

गुरुवारी पुन्हा निरोप आला: ठिकाण, बाजार चौक. शनिवारी आला: ठिकाण, वॉर्ड तीन. वॉर्ड तीन म्हणजे त्यांचीच गल्ली. कोणीतरी पायी, थांबत थांबत घराकडे येत होतं. यादोराव आनंदानं दार उघडं टाकून ओसरीत बसू लागला. चंद्रकांता दार लावायची, तो उघडायचा.

रविवारी शेजारच्या सावित्रीबाईनं कुंपणापलीकडून हाक मारली, “रुख्मा, विळा दे वो जरा.” चंद्रकांता “आनला” म्हणाली, विळा घेऊन कुंपणाशी गेली आणि हात पुढं केला. मग दोघींच्याही लक्षात आलं. सावित्रीबाईनं विळा घेतलाच नाही. “जीभ घसरली बापा,” असं काहीतरी पुटपुटत ती घरात गेली. चंद्रकांताला मात्र तिच्या जिभेचं काहीच वाटलं नव्हतं. आपण ओ दिली, आणि ती देताना क्षणभरही अडखळलो नाही, म्हणून तिनं तिथंच आपलं नाव दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

सव्वीस तारखेला केवळराम धान विकायला गेला होता. यादोराव ओसरीत आडवा झाला होता. त्याचा मोबाइल स्वयंपाकघरात खिडकीच्या कठड्यावर चार्जिंगला लावलेला. चंद्रकांता दाराकडे पाठ करून चुलीपुढं भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली तेवढ्यात कमरेला खोचलेला तिचा स्वतःचा मोबाइल वाजला. पीठ लागलेल्या हातानंच तिनं तो उघडला.

‘चंद्रकांता केवळराम हयात नसल्याची नोंद झाली आहे. नोंदवणार: रुख्मा यादोराव.’

तिनं दोनदा वाचलं. मग यादोरावला ओरडून उठवलं आणि पुष्पांजलीला फोन केला. मुलगी केंद्र उघडं टाकून पाच मिनिटांत धावत आली. तिनं दोन्ही मोबाइल घेतले, काहीबाही दाबलं आणि तिचा चेहरा उतरला.

“हे यादोकाकाच्या मोबाइलवरून झालं. मृत्यूची खूण घरूनही करता येते, चेहरा दाखवून. ज्याच्या घरी मयत झाली त्याले केंद्रात चक्कर नको म्हनून.”

“भाऊजी!” चंद्रकांता त्याच्यावर धावून गेली. “तिचा फोटो धरला ना मोबाइलपुढं? मले मारलं तुमी?”

“आईची आन वयनी, मी झोपलो होतो.”

“फोटो चालत नाही काकू,” पुष्पांजली म्हणाली. “ते पापन्या मिटाले सांगते. दोनदा. फोटो काय पापन्या मिटन?” मग तिनं अडखळत विचारलं, “नोंदीच्या वेळचं चित्र राहते यात. पाहता काय?”

चित्र उघडलं. हीच भिंत होती, हेच डबे, फळीवर याच क्रमानं. मागं चुलीपुढं एक बाई पाठमोरी बसली होती. जांभळं लुगडं, अर्धवट सुटलेला अंबाडा, तव्याकडे वाकलेली मान. चंद्रकांतानं स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं. आणि पुढं, अगदी जवळून, रुख्मा बघत होती. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. गाल थोडे बसले होते. जाताना ती अशी नव्हती. चंद्रकांताला आधी भीती वाटलीच नाही. म्हातारी झाली की माझी रुखी, असं मनात आलं आणि तिला इतकं भरून आलं की भाकरी करपल्याचा वाससुद्धा आला नाही. भीती त्यानंतर आली. खिडकी चुलीपासून दोन हातांवर होती.

“काकू,” पुष्पांजली खालची अक्षरं वाचत होती. “हे पाहा. ज्यांचा मृत्यू नोंदला, त्या हयात असतील तर सात दिवसांत चेहरा दाखवून आक्षेप घ्यावा. बोटं उसनी दिली तुमी, चेहरा तं नाही दिला ना कोनाले? चेहरा दाखवा. तुमची नोंद तिच्या पोटातून निघन. केवळकाका, शुभम, सगळ्या रेघा परत तुमच्याकडे.”

“अन् रुख्मा?”

“जित्या मानसाले मेलं म्हनलं, तं म्हननाऱ्याची नोंद खोटी धरतात. खातं बंद. हयात नाही. कायमचं.” तिनं पडदा वर सरकवला. “मले हे पान कधी दिसलंच नव्हतं काकू. कोनी तुमाले मारल्याशिवाय ते उघडतच नाही.”

चंद्रकांतानं करपलेली भाकरी तव्यावरून काढली. इतके दिवस तिला वाटत होतं, बहीण नाव घ्यायला येऊन राहिली, पोर घ्यायला येऊन राहिली. किती वाईट मनाची मी! रुख्मा तर दार उघडायला आली होती. घरातली अवघड कामं ती अशीच करायची, कोणाला न विचारता, आणि नंतर बोलूनही दाखवायची नाही.

यादोराव पुढं आला. हात जोडून म्हणाला, “नोका करू वयनी. दोन वर्सानं घरात आली ते. राहू द्या. शुभमले मी बाप होतो, सगळं देतो, जमीन देतो. तिले राहू द्या.”

त्याच्याकडे बघवत नव्हतं. चंद्रकांताला वाटलं, राहू द्यावं. काय जातं, कागदावरच तर आहे. मग तिला शुभमचा आवाज आठवला, आणि त्या झाडातला तो नीटस, तिच्याशिवाय पुरा झालेला संसार.

“भाऊजी, शुभमची माय मी हावो,” ती म्हणाली. “ते तिलेही माहीत हाये. तुमाले काऊन समजून नाही राहिलं?”

पुष्पांजलीनं मोबाइल तिच्यासमोर धरला. पडद्यावर गोल आला, गोलात चंद्रकांताचा चेहरा. पापण्या मिटा. मिटल्या. पुन्हा मिटा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळं मशीन घेईना. तीनदा करावं लागलं. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला. पुष्पांजलीनं सुटकेचा श्वास सोडला, मोबाइल तिच्या हातात दिला आणि जवळजवळ पळतच अंगणात गेली.

कठड्यावरचा मोबाइल वाजला. यादोरावनं तो उचलला, वाचला आणि ओसरीत येऊन खांबाला डोकं लावून बसला. मग त्यानं हंबरडा फोडला. दोन वर्षांत तो एकदाही रडला नव्हता. पाळीवर बसला, उपाशी राहिला, पण रडला नव्हता. चंद्रकांता त्याच्याजवळ येऊन बसली. “माझी रुखी गेली वो, माझी बाई गेली,” असं म्हणत तीही मोकळ्या गळ्यानं रडली. कोणी मेलं की माणसं जशी रडतात तशी ती दोघं रडली.

आवाज ऐकून सावित्रीबाई कुंपण ओलांडून आली. अंगणात पुष्पांजली तोंडावर हात ठेवून उभी होती. सावित्रीबाईनं ओसरीची पायरी चढून दोघांकडे पाहिलं, काय समजायचं ते समजली आणि चंद्रकांताच्या पाठीवर हात ठेवला. ती हात फिरवत राहिली. मग तिचा हात थांबला आणि तिनं मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“तुमी दोघं तं इथं हा,” ती हळूच म्हणाली. “मंग आतमदी कोन रडून राहिलं वो?”